अट क्रमांक चार

दिनांक १७ मे २००४, सोमवार, सकाळी साडेअकरा. बिबवेवाडी येथील आमच्या सहकारी गृहरचना संस्थेच्या तळमजल्यावरील गाळा क्रमांक तीन या वेळी रिकामा करण्यात आला. गाळ्यातील मिरची कांडपाचे यंत्र हमालांनी टेम्पोत चढवले. हे यंत्र चालवण्याच्या परवान्यासाठी सौ. द्वारकाबाई सीताराम ठवकर यांनी महापालिकेच्या संबंधित कार्यालयाकडे ५ जानेवारी रोजी अर्ज केला होता. मधल्या एकशे तेहतीस दिवसांत परवाना मिळाला नाही. नाकारण्यातही आला नाही. या गाळ्यात एक किलो मिरचीदेखील कुटली गेली नाही. नोंद असावी.

ही नोंद मी त्याच दिवशी संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत केली. तेव्हा मी संस्थेचा सचिव होतो. नोंदीतला शब्द न् शब्द खरा आहे, पण ती अपुरी आहे, आणि करणाऱ्याला ती करतानाच हे ठाऊक होते. आज पाच वर्षांनी ती पुरी करतो आहे.

द्वारकाबाई मूळच्या भिवापूरकडच्या. नागपूर जिल्ह्यातला हा मुलूख मिरचीचा. सीताराम ठवकरांना हडपसरच्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा म्हणजे १९८७ साली, त्या पुण्यात आल्या आणि आमच्या इमारतीमागच्या बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहू लागल्या. चाळीच्या अंगणात त्यांनी एक दगडी उखळ पुरून घेतले होते. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या स्वतःपुरता वर्षाचा मसाला त्यात कुटत. वास आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येई. माझी पत्नी हेमा एके दिवशी तो वास काढत खाली उतरली, आणि त्या वर्षापासून आमच्या घरचा मसाला द्वारकाबाईंच्या हातचा झाला. पुढे हेमाकडून शेजारणींना कळले, शेजारणींकडून त्यांच्या बहिणींना.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. एका घरची मिरची कुटून झाली की दुसऱ्या घरची उखळात घालण्यापूर्वी त्या मूठभर खडेमीठ टाकून कुटत. आदल्या घरचा जो काही कण उखळाला चिकटलेला असेल तो मिठात उतरे, आणि ते मीठ त्या वेगळे काढून ठेवत. एकीचे तिखट दुसरीच्या डब्यात जाता कामा नये. हेमाने एकदा रंगासाठी म्हणून बेडगी मिरची नेली, तेव्हा ती हातात घेऊन त्या नुसत्या हसल्या होत्या. "रंगच हाय जी नुसता," असे त्यांनी सांगितले, आणि मग, "पुन्याची मानसं बोलतेत तिखट अन् खातेत गोड." हेमाने हे मला सांगितले तेव्हा मी हसलो होतो. बोलण्याबद्दल त्यांचे म्हणणे किती बरोबर होते हे कळायला मला आणखी काही वर्षे लागायची होती.

२००२ साली सीतारामच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. स्वेच्छा कोणाची होती, हा प्रश्न त्या काळात पुण्यात कोणी विचारत नसे. ज्या रस्त्याने तो सायकलवरून कामाला जाई त्याच रस्त्याने आता गळ्यात पट्टे घातलेल्या तरुणांच्या बसगाड्या जात. सीताराम वर्षभर ओट्यावर बसून होता. द्वारकाबाई बसल्या नाहीत. त्यांनी एक हिशेब मांडला होता, आणि वाणिज्य विषय शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तो ऐकताना थक्क व्हायला झाले. या बसगाड्यांतून जाणाऱ्या मुलींना मसाला आईच्याच चवीचा लागणार, परंतु कुटायला त्यांच्याकडे ना वेळ, ना अंगण. म्हणजे प्रत्येकीची मिरची, प्रत्येकीचे प्रमाण, आणि आपले फक्त यंत्र. माघापासून वैशाखापर्यंत चार महिने काम. त्या चार महिन्यांवर वर्ष. पाऊस लागला की मिरची वाळत नाही आणि कोणी कुटूनही घेत नाही. त्यामुळे परवाना माघात हातात हवा. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी चार उखळांचे एक जुने यंत्र घेतले आणि आमचा गाळा क्रमांक तीन अकरा महिन्यांच्या कराराने घेतला. एवढे करून डिसेंबरात त्या माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळे कागद.

मी एका महाविद्यालयात व्यापारी कायदा शिकवतो. पंचवीस वर्षे मी मुलांना कायदा सांगत आलो, पण तोपर्यंत एकाही माणसाने माझ्याकडे येऊन, मला धंदा करायचा आहे, कायद्याने कसा करू, असे विचारले नव्हते. मला झालेला आनंद मी लपवत नाही. मी त्यांना एका कागदावर सगळे लिहून दिले. दुकानाची नोंदणी, अन्न परवाना, महापालिकेचा यंत्र चालवण्याचा परवाना, आणि तो मिळाल्यावर वाढीव भाराची वीज. पहिले दोन कागद पंधरा दिवसांत झाले. महापालिकेच्या अर्जाला संस्थेचे ना हरकत पत्र जोडावे लागणार होते, आणि ते देणे माझ्याच हातात होते. मी त्यांना एकच ताकीद दिली होती, की कोणत्याही एजंटाच्या पायरीवर चढायचे नाही. त्यांनी मान हलवली.

ना हरकत पत्रासाठी ३ जानेवारीला कार्यकारी समितीची सभा झाली. अध्यक्ष होते रावसाहेब पानसे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खकाण्याचा प्रश्न कोणीतरी काढला. मिरची कुटताना जो झोंबणारा धुरळा उडतो त्याला खकाणा म्हणतात, आणि तो उडणार हे खरेच होते. यावर रावसाहेब म्हणाले, "मसाला आपण खाणार आणि खकाणा मात्र शेजारच्या संस्थेनं खावा, अशी अट घाला की एक." सगळे हसले. मग ते मला म्हणाले, "अहो, दोन ओळी लिहा आणि द्या सोडून. बाई पंधरा वर्षं आपल्यात आहे."

मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. संस्थेचे हित जपणे हे सचिवाचे कर्तव्य आहे, असे मी म्हणालो. मी चार अटी घातल्या. कामाची वेळ दहा ते पाच. दरवाजाला जाड पडदा. मागच्या भिंतीला धुरळा ओढणारा पंखा. या तिन्ही द्वारकाबाईंनी आधीच मान्य केल्या होत्या. चौथी माझ्या स्वतःच्या बुद्धीची होती. 'भविष्यात संस्थेच्या कोणत्याही सभासदाची लेखी तक्रार आल्यास सदर ना हरकत पत्र आपोआप रद्द झाले असे समजण्यात यावे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवले होते. मला ते फार नेटके वाटले होते.

त्याच सभेत दुसरा एक अर्ज होता. दुसऱ्या मजल्यावरच्या अभिनव दातारला राहत्या सदनिकेत संगणकाच्या कामाचे कार्यालय काढायचे होते. त्याने ना हरकत पत्र स्वतःच संगणकावर छापून आणले होते, दोन ओळींचे. मी सही केली. संगणकाला खकाणा नसतो, असे कोणीतरी म्हणाले, आणि विषय संपला. मार्चमध्ये त्याने मागच्या बाजूला डिझेलचे जनित्र बसवले. दिवे गेले की ते तासन्‌तास धडधडे आणि धूर थेट गाळा क्रमांक तीनच्या खिडकीत जाई. त्याविरुद्ध आजतागायत एकही लेखी तक्रार आलेली नाही. माझीही नाही.

जानेवारीच्या अखेरीस महापालिकेचा निरीक्षक जागा पाहून गेला. परवान्याशिवाय वीज नव्हती, म्हणून द्वारकाबाईंनी यंत्राचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून मुसळे वरखाली होतात हे त्याला दाखवले. जागा ठीक आहे, असे तो म्हणाला. २० फेब्रुवारीला अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'कागदपत्रे अपूर्ण. पूर्तता करून फेरसादर करावा.'

तो परत आलेला अर्ज द्वारकाबाई स्वतः कार्यालयातून घेऊन आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, ते म्हन्तेत का एक कागद बरोबर नाही—"

"अपूर्ण म्हणजे काय ते मला कळतं," मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका."

मला काय कळले होते, तर त्यांना पैसे हवे आहेत. कोणता कागद अपुरा हे न लिहिता अर्ज परत करायचा, म्हणजे माणूस चिरीमिरी घेऊन येतो, हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते, वर्गात शिकवलेही होते. कोणता कागद, हे समोर उभ्या असलेल्या बाईला विचारावे, हे मला सुचले नाही. जो माणूस कधी लाच देत नाही त्याला सगळीकडे लाचच दिसते. आमच्या वर्गाचा हा जुना आजार आहे, आणि त्याला आम्ही चारित्र्य म्हणतो.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, रतन नावाचा एक मनुष्य माझ्या दारात आला. महापालिकेच्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देण्याचे काम तो करी. चप्पल बाहेर काढून तो उभा राहिला. म्हणाला, "सर, ठवकरबाईंचं काम फार छोटं आहे. एकच कागद बदलायचाय. तुमच्याच—"

मी त्याला वाक्य पुरे करू दिले नाही. माझ्या उंबऱ्यावर असले व्यवहार चालत नाहीत, असे त्याला सांगितले. त्याने वाद घातला नाही. चप्पल पायात घालताना एवढेच म्हणाला, "बरं. पण मिरची थांबत नसते, सर."

त्या दिवशी दुपारी मी आयुक्तांच्या नावे तीन पानी तक्रार लिहिली. शेऱ्यातील संदिग्धता, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, लघुउद्योजक महिलेची पिळवणूक. प्रती पाच ठिकाणी पाठवल्या. तक्रार उत्तम लिहिली गेली होती. ती माझ्याकडे अजून आहे आणि आजही तिच्यात मला एक शब्द बदलावासा वाटत नाही. तिच्यामुळे काय झाले ते मात्र मला सात आठवड्यांनी कळले.

मधल्या काळात फाल्गुन संपला, पाडवा झाला. बायका पिशव्यांतून मिरच्या घेऊन गाळ्यापाशी येत आणि परवाना यायचा आहे असे ऐकून परत जात. काही दिवस त्या पुन्हा विचारायला आल्या, मग येईनाशा झाल्या. द्वारकाबाई रोज सकाळी गाळा उघडत, यंत्र पुसत, दारात बसून कोणाकोणाच्या मिरच्यांचे देठ खुडून देत, कारण देठ खुडायला परवाना लागत नव्हता. हेमाने त्या वर्षी प्रथमच मसाला मंडईजवळच्या दुकानातून आणला. पहिल्या दिवशी आमटीचा घोट घेऊन मी काही बोललो असेन. ती म्हणाली, "तुमच्या त्या पत्राची एक प्रत कुटून घालू का वरून?"

१२ एप्रिलला मी स्वतः कार्यालयात गेलो. श्रीधर कुंभोजकर नावाचे कारकून तिथे होते, माझ्याच वयाचे. मी माझी ओळख करून देताच त्यांनी मला बसायला सांगितले आणि एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "सही ओळखता ना?"

ते माझेच ना हरकत पत्र होते. अट क्रमांक चारखाली लाल शाईची रेघ होती.

"उद्या तुमच्या तिसऱ्या मजल्यावर कोणाला शिंक आली आणि त्यानं चिठ्ठी लिहिली की आमचा परवाना हवेत," ते शांतपणे म्हणाले. "असा परवाना कोण देणार? आम्हाला विनाअट दोन ओळी लागतात. तसं सांगितलंही होतं." मी म्हणालो, मग आता आणून देतो. त्यावर त्यांनी चष्मा काढला. माझ्या तक्रारीमुळे मूळ फाइल अहवालासाठी वर गेली होती. इथे होती ती फक्त नक्कल. ज्या फाइलवर तक्रार आहे तिला खालचा कोणी हात लावत नाही. "तुम्ही तक्रार केली नसतीत," ते म्हणाले, "तर त्याच आठवड्यात झालं असतं, साहेब."

पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. त्या खोलीत मी तासभर बसलो, आणि कोणीच काढला नाही.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती, असे म्हणता येईल. यापुढची नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी दोन ओळी लिहून सही करून देऊ शकत होतो. शिक्का माझ्याच कपाटात होता. रावसाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लिहा की. मी जानेवारीतच सांगितलं होतं." पण अटी समितीच्या ठरावाने घातल्या होत्या, त्या ठरावानेच काढल्या पाहिजेत, असे मी धरून बसलो. सात दिवसांची सूचना काढली. २५ एप्रिलच्या सभेला तिघे आले, गणसंख्या पाचाची. सुट्ट्या लागल्या होत्या, लोक गावी गेले होते. २ मे रोजी ठराव झाला. ३ मेला पत्र दिले. तेही फाइलच्या मागोमाग वर गेले.

आणि या तीन आठवड्यांत मी द्वारकाबाईंना काय सांगितले? 'कार्यालयाचा घोळ आहे,' एवढे. चार वेळा विचारायला आल्या, चारही वेळा हेच सांगितले.

मेच्या मध्याला त्यांनी गाळा सोडायचे ठरवले. हंगाम गेला होता आणि रिकामा गाळा पुढच्या माघापर्यंत धरून ठेवणे त्यांना शक्य नव्हते. १७ मेला टेम्पो आला. यंत्र सासवडच्या एका माणसाने घेतले होते. मी खाली उतरून उभा होतो. जाण्यापूर्वी त्यांनी गाळा झाडून, फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग मी वर येऊन वहीत ती नोंद केली. ९ जूनला परवाना संस्थेच्या टपालपेटीत आला. त्यांच्या नावाचा, शिक्क्यासह, विनाअट. तोवर ठवकर मंडळी चाळ सोडून हडपसरला गेली होती. सीतारामला एका संगणक कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याचे काम मिळाले होते. गाळा क्रमांक तीनमध्ये संगणकाचा क्लास आला. त्याच्या ना हरकत पत्रावर मी सही केली, दोन ओळींच्या, आणि पुढच्या सभेत सचिवपदाचा राजीनामा दिला. तो परवाना मी नेऊन दिला नाही. पत्ता शोधता आला असता.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरात, मंडईत त्या भेटल्या. केस पांढरे झालेले, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. सीतारामच्याच कंपनीच्या उपाहारगृहात त्या पोळ्या लाटतात. दिवसाला चारशे पोळ्या, असे त्यांनी हेमाला सांगितले. भाजी तिथे शिजवलेलीच येते आणि तिला चव नसते, हेही सांगितले. मला राहवले नाही. हेमा मटार निवडत असताना मी त्यांना म्हणालो की ते काम माझ्या एका अटीमुळे अडले होते, कार्यालयाचा दोष नव्हता, आणि हे मला एप्रिलमध्येच कळले होते.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मले तं फेब्रुवारीतच मालूम होतं जी. त्या कुंभोजकरसाहेबानं वाचून दाखवलं मले. म्हने दोन ओळी लिवून आन."

मी विचारले, मग तुम्ही मला सांगितले का नाही.

"सांगाले तं आली होती," त्या म्हणाल्या. "तुमी काळजी नोका करू म्हनले. मंग तुमाले तोंडावर कसं म्हनू का तुमचंच चुकलं? तुमी माह्यासाठी एवढं लिवत होते. म्हनून रतनले धाडलं. मानसानं मानसाले सांगतलं तं बरं दिसते. त्याले तुमी हाकलून देल्लं."

मी परवान्याबद्दल बोललो; तो माझ्याकडे आहे, म्हणालो. त्यांनी विचारले की तो आता चालतो का. मी म्हणालो, त्याची मुदत वर्षाची होती. त्या "मंग राहू द्या" म्हणाल्या, हेमाला हळद कुठली घ्यावी ते सांगितले आणि बसच्या वेळेला निघून गेल्या.

महापालिकेविरुद्ध माझी तक्रार राहिलेली नाही. ती मी लेखी मागे घेतली आहे. त्याची पोच अजून आलेली नाही. ज्यांनी हे इथवर वाचले त्यांच्यापैकी बरेच जण एखाद्या संस्थेचे सचिव, अध्यक्ष किंवा समिती सदस्य असतील, कारण या शहरात दर दुसरा शिकलेला मनुष्य तो असतोच. त्यांच्याकडे माझी मागणी आहे. या रविवारी आपल्या संस्थेची फाइल काढा. धंद्यासाठी दिलेली ना हरकत पत्रे आणि अडवून ठेवलेले अर्ज वाचा. ज्या पत्रात 'तक्रार आल्यास आपोआप रद्द' किंवा तशा अर्थाची अट असेल ते मागे घ्या आणि विनाअट पत्र त्याच दिवशी अर्जदाराच्या हातात द्या. हरकत असेल तर हरकत आहे असे लिहा, सही करा, आणि अर्जदाराला आपल्या घरात बसवून, त्याचे म्हणणे पुरते ऐकून, स्वतःच्या तोंडाने सांगा. सात दिवसांच्या आत सांगा.